सात डोक्यांचा तक्ता

गेल्या नवरात्रात भाच्याला घेऊन टेंभी नाक्याच्या देवीला गेलो होतो. त्या दिवसांत नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते, हे ठाण्याच्या वाचकांना सांगायला नको. दर्शन घेऊन गर्दीतून बाहेर पडताना कोणीतरी भाच्याच्या हातात एक पत्रक दिले. अशी पत्रके आपण घडी घालून खिशात टाकतो आणि विसरून जातो. भाच्याने मात्र ते जपून ठेवले. चार-पाच दिवसांनी तो ते घेऊन माझ्याकडे आला. मधल्या काळात तो पत्रकावरच्या पत्त्यावर जाऊनही आला होता.

"मामा, माझी दुसरी स्टेज आहे म्हणाले. आत्ताच अठराशे ग्राफ्ट घातले तर पुढचं सगळं थांबेल. हप्त्यांची सोय आहे. करू का?"

भाचा बावीस वर्षांचा आहे, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या डोक्यावर भरपूर केस आहेत. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत ते थोडे मागे सरकले आहेत, इतकेच. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. पत्रक ठेवून घेतले आणि रात्री नीट वाचले. पुस्तकांचे आणि चित्रपटांचे परीक्षण आपण करतो. पत्रकांचे करत नाही. पण विज्ञानाच्या नावावर आपले विद्यार्थी जे वाचतात, त्यातला बराच भाग पाठ्यपुस्तकातला नसून जाहिरातीतला असतो. म्हणून या चार पानी मजकुराचे हे परीक्षण.

पत्रकात मुख्यतः तीन गोष्टी होत्या. एक तक्ता, दोन छायाचित्रे आणि ठळक अक्षरांतला एक शब्द : 'कायमस्वरूपी'. या तिन्हींत खरे विज्ञान आहे आणि तिन्हींत ते अर्धवट सांगितले आहे.

तक्ता

तक्त्यात सात डोकी एका ओळीत काढली होती. पहिल्यावर दाट केस, सातव्यावर फक्त कानांच्या वरून मागे जाणारी झालर. प्रत्येकाखाली 'स्टेज १', 'स्टेज २' असे लिहिले होते. शेवटच्या डोक्याखाली लाल रंगात 'उशीर झाला!' असे होते.

हा तक्ता बनावट नाही. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने १९५१ साली पुरुषांच्या केस गळण्याच्या प्रकारांची मांडणी केली. ओ'टार नॉरवुड या त्वचारोगतज्ज्ञाने एक हजार पुरुषांची पाहणी करून १९७५ साली ती सुधारली. जगभर हीच मांडणी वापरतात. पत्रकाने तक्ता घेतला, पण त्यासोबतचे दोन मुद्दे गाळले.

पहिला मुद्दा शब्दाचा. मूळ मांडणीतला शब्द 'टाइप' म्हणजे प्रकार असा आहे. पत्रकात त्याची 'स्टेज' झाली. प्रकार म्हटले की कपाटातले कप्पे डोळ्यांसमोर येतात. स्टेज म्हटले की जिना. शिवाय दुसऱ्या प्रकाराला या मांडणीत टक्कल म्हणतच नाहीत! टक्कल म्हणावे इतकी किमान गळती तिसऱ्या प्रकारापासून धरली आहे. भाच्याला जी 'दुसरी स्टेज' म्हणून सांगितली, ती तक्ता करणाऱ्यांच्याच लेखी टक्कल नव्हे.

मग दुसरा प्रकार म्हणजे काय? मुलांच्या कपाळावरची केसांची कड खाली असते आणि तिचा आकार साधारण सपाट किंवा किंचित गोलसर असतो. भुवया उंचावून कपाळाला आठ्या पाडल्या, तर सर्वांत वरच्या आठीला ती जवळजवळ टेकते. वयात आल्यानंतर, साधारण सतराव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंत, बहुतेक पुरुषांत ही कड सुमारे एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे एका बोटाच्या रुंदीइतकी वर जाते आणि कोपऱ्यांत थोडी अधिक. अनेक स्त्रियांतही थोडासा असाच बदल होतो. मिसरूड फुटणे किंवा आवाज फुटणे याला आपण रोग म्हणत नाही. ही प्रौढ केशरेषाही त्याच जातीची घटना आहे.

दुसरा मुद्दा आकडेवारी कशी गोळा केली याचा. नॉरवुडने एका माणसाचा चाळीस वर्षे पाठपुरावा केला नव्हता. वेगवेगळ्या वयांची वेगवेगळी माणसे पाहून कोणत्या वयात कोणता प्रकार किती आढळतो, हे त्याने मोजले. वयाबरोबर पुढचे प्रकार वाढतात, हे त्यातून दिसते. समोर बसलेला अमुक एक मुलगा कुठवर जाईल, हे मात्र दिसत नाही. शाळेतल्या सर्व वर्गांची उंची आज मोजली, तर वयाबरोबर सरासरी उंची वाढते हे कळेल. पण पाचवीतला एखादा मुलगा दहावीत किती उंच होईल, हे त्या कोष्टकातून सांगता येणार नाही. तसेच हे आहे. काही जण दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्यात आणि पुढे जातात, हे खरे. पण अनेक जण दुसऱ्यावरच आयुष्य काढतात. त्यांचा जिना तिथेच संपतो.

चित्रे ओळीत काढली की वाचक त्यांचा जिना करतो, याचे एक उदाहरण शिक्षकांच्या रोजच्या परिचयाचे आहे. टाइम-लाइफच्या 'अर्ली मॅन' या पुस्तकात १९६५ साली रूडॉल्फ झॅलिंगर यांनी माणसाच्या पूर्वजांची एक रांग काढली. वाकलेल्या वानरसदृश प्राण्यापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची ती चित्रे पुढे लहान-मोठ्या रूपांत असंख्य ठिकाणी छापली गेली. परिणामी उत्क्रांती म्हणजे एकापुढे एक चालणारी मिरवणूक, असा समज घट्ट झाला. तो काढून टाकायला आपल्याला वर्गात किती खटपट करावी लागते! फांद्या असलेल्या गोष्टीची ओळ केली की हेच होते.

एका कपाळाची नोंद

एकाच माणसाचा पाठपुरावा कसा दिसेल, हे भाच्याला दाखवायला माझ्याकडे एकच कपाळ होते, माझे. मी घरातली जुनी ओळखपत्रे काढली. बारावीचे १९९८ सालचे, लोकलच्या पासाचे २००१ सालचे, पीएच.डी.च्या नोंदणीचे २००४ सालचे, २००९ चा पासपोर्ट आणि आताचे कार्यालयातले. १९९८ ते २००४ या काळात केसांची कड जवळजवळ एक बोट वर गेलेली दिसते. पुढच्या वीस वर्षांत ती तिथेच आहे. २००४ साली हे पत्रक माझ्या हातात पडले असते, तर मीही 'स्टेज २' ठरलो असतो आणि 'पुढचे थांबवण्यासाठी' पैसे भरले असते. आज ते थांबलेलेच आहे. फक्त श्रेय त्या शस्त्रक्रियेला मिळाले असते.

एका माणसावरून नियम काढता येत नाही, हे मी भाच्यालाही सांगितले. माझ्या थोरल्या भावाची कड थांबली नाही. त्याला पस्तिशीत स्पष्ट टक्कल पडले. आईवडील तेच, घर तेच. केसांचा वारसा फक्त आईच्या वडिलांकडून येतो, अशी समजूत आहे. पुरुषसंप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडून मिळते, इतका तिला आधार आहे. पण २०१७ साली ब्रिटनमधील सुमारे ५२ हजार पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी संबंधित २८७ जनुकीय ठिकाणे सापडली आणि त्यांपैकी ४० एक्स गुणसूत्रावर होती. बाकीची आईकडून येतात तशीच वडिलांकडूनही येतात. एवढी ठिकाणे हाती असूनही एकट्या व्यक्तीचे भाकीत ढोबळच राहते. पाच मिनिटांत डोके पाहून ते करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दोन छायाचित्रे

पत्रकाच्या आतल्या पानावर 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे होती. प्रयोगशाळेत एखादा विद्यार्थी असा प्रयोग घेऊन आला असता, तर मी त्याला परत पाठवले असते. 'आधी'च्या चित्रात केस ओले आणि मागे ओढलेले, उजेड थेट डोक्यावरून, चेहरा खाली झुकलेला. 'नंतर'च्या चित्रात केस कोरडे, पुढे विंचरलेले, उजेड समोरून, मान वर. शस्त्रक्रिया न करता, फक्त या चार गोष्टी बदलून भाच्याचे तसेच दोन फोटो मी घरीच काढले. फरक इतका होता की आम्ही दोघे हसलो.

याचा अर्थ शस्त्रक्रियेने केस येत नाहीत असा नव्हे. येतात. पण ती कशाने किती आली, हे या चित्रांवरून ठरत नाही. शिवाय त्या माणसाचे त्या वेळचे वय, मधला काळ आणि अशा एकूण किती जणांतून हा एक निवडला, यांपैकी काहीच दिलेले नव्हते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिसरे छायाचित्र नव्हते. दहा वर्षांनंतरचे. त्याचे महत्त्व कळण्यासाठी 'कायमस्वरूपी' या शब्दाकडे वळावे लागेल.

'कायमस्वरूपी'

पुरुषांतले नेहमीचे टक्कल पुरुषसंप्रेरकाशिवाय पडत नाही, हे हॅमिल्टननेच १९४२ साली दाखवून दिले होते. टेस्टोस्टेरॉनपासून एका विकराच्या साहाय्याने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते. त्याला संवेदनशील असलेली केसांची मुळे प्रत्येक चक्रात लहान होत जातात. दाट काळ्या केसाच्या जागी बारीक, आखूड, फिकट लव उरते. ही संवेदनशीलता पुढच्या भागात आणि टाळूवर असते. मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यात फारशी नसते. म्हणून तर सातव्या डोक्यावरही झालर उरते.

नॉर्मन ओरेंट्राइख या न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून एक सुंदर गोष्ट सिद्ध झाली. मागच्या पट्ट्यातले मूळ काढून पुढच्या टकलावर लावले, तर ते मागच्यासारखेच वागते. जागा बदलली तरी स्वभाव बदलत नाही. आजचे सर्व केशरोपण या एका निरीक्षणावर उभे आहे. तेव्हा लावलेले केस दीर्घकाळ टिकतात, हे पत्रकाचे म्हणणे बरोबर आहे.

पण लावलेल्या केसांच्या मागे जे मूळचे केस आहेत, त्यांचे काय? त्यांचा स्वभावही बदललेला नाही. ते गळणार असतील तर गळतीलच. रोपण म्हणजे स्थलांतर. ते गळती थांबवत नाही. 'आत्ताच केले तर पुढचे थांबेल' हे भाच्याला सांगितलेले वाक्य म्हणूनच सपशेल चुकीचे आहे. बाविसाव्या वर्षी कपाळाची कड मुलासारखी खाली आणली आणि तिशीत मागचे केस गेले, तर पुढे दाट पट्टी आणि तिच्यामागे मोकळे रान, असे चित्र उरते. तिसरे छायाचित्र ते. टिकाऊपणा हा इथे गुण न राहता अडचण होतो.

आता थोडे गणित. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाजाला पुरेसे आहेत. ज्याला ग्राफ्ट म्हणतात ते एक रोप, म्हणजे एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका. मागचा पट्टा विरळ दिसू न देता बहुतेकांना आयुष्यभरात अशी पाच-सहा हजार रोपे काढता येतात. काढलेल्या जागी नवे केस येत नाहीत. टक्कल सहाव्या-सातव्या प्रकारापर्यंत गेले, तर मोकळी जागा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर होते. एका चौरस सेंटिमीटरला ३५ रोपे धरली, तरी सात हजार लागतील. म्हणजे सर्वांत वाईट परिस्थितीत शिल्लक मुळातच अपुरी आहे. त्यातली अठराशे, जवळजवळ एक तृतीयांश, टक्कल नसताना कपाळाच्या कोपऱ्यांवर खर्च करायची! दुष्काळ पडणार की नाही हे ठाऊक नसताना विहिरीतले पाणी अंगणात शिंपडण्यासारखे हे आहे.

म्हणूनच जबाबदार शल्यविशारद विशीच्या सुरुवातीला रोपण करायला सहसा नाखूश असतात. गळतीचा कल स्पष्ट होऊ द्यावा, असे ते सांगतात. टाळूवरचे केस पातळ होत आहेत का, कडेला लव वाढते आहे का, हे भिंगाखाली पाहतात. खरी गळती दिसली तर आधी औषधांचा विचार करतात. मिनॉक्सिडिल डोक्यावर लावायचे असते. फिनास्टेराइड वर उल्लेखलेल्या विकराला अडवते. ते १९९७ साली अमेरिकेत टकलासाठी मान्य झाले. काही जणांत त्याचे लैंगिक आणि मानसिक दुष्परिणाम दिसतात. त्यामुळे ते मित्राच्या सांगण्यावरून नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. थांबवले की त्याचा लाभही ओसरतो.

पत्रकात नसलेली गोष्ट

'एका दिवसात घरी' असे पत्रकात होते. धोक्याबद्दल एक ओळही नव्हती. योग्य हातांत ही शस्त्रक्रिया बरीच सुरक्षित आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ती शस्त्रक्रिया आहे. तासन्‌तास चालते आणि बधिरीकरणाची इंजेक्शने पुनःपुन्हा द्यावी लागतात. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा रोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. एका बैठकीत नऊ हजारांहून अधिक केस रोवल्याचे आणि तीव्र अ‍ॅलर्जीचा संशय असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत छापून आले होते. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ही तातडीची शस्त्रक्रिया नाही, ती प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावी आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत म्हटले आहे. हे वाक्य लिहिण्याची वेळ आयोगावर यावी, यातच बाजाराची स्थिती कळते. भाच्याला मी विचारले, "तुला तपासलं कोणी? डॉक्टरांनी?" तो म्हणाला, "नाही, एक समुपदेशक होते. त्यांनीच पेन्सिलीने कपाळावर रेघ काढून दाखवली."

निर्णय

केशरोपण मुळातच वाईट, असे मला म्हणायचे नाही. चाळिशीतला माणूस, गळती बरीच वर्षे स्थिर, मागचा पट्टा दाट, अपेक्षा माफक आणि डॉक्टर जाणकार, अशा वेळी त्याला त्यातून समाधान मिळत असेल तर इतरांनी नाके मुरडू नयेत. भाजल्यामुळे किंवा अपघातात केस गेलेल्यांना तर त्याचा मोठाच आधार आहे. माझी तक्रार पत्रकाच्या पद्धतीबद्दल आहे. प्रकाराची त्याने स्टेज केली, स्टेजेचे भाकीत केले आणि भाकिताची भीती करून ती हप्त्यांवर विकली.

त्या भीतीत आपलाही थोडा हात आहे. भाच्याने सांगितले की वसतिगृहात त्याला 'अंकल' म्हणतात आणि एका प्राध्यापकांनी भर वर्गात 'तुझ्या डोक्यावर उजेड पडायला लागला रे' असा विनोद केला होता. सगळे हसले, तोही हसला. २०१९ च्या नोव्हेंबरात 'उजडा चमन' आणि 'बाला' हे टक्कल पडलेल्या नायकांचे दोन हिंदी चित्रपट लागोपाठ आले, ते उगीच नाही. आपण शिक्षकांनी वर्गात केलेला एक फुटकळ विनोद मुलगा किती वर्षे बरोबर वागवतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

शेवटी भाच्याला मी नको म्हटले नाही. निर्णय त्याचा आहे. एवढेच सुचवले की आधी मोजमाप कर. आता त्याच्या घरी दाराच्या चौकटीवर एक खूण आहे. दर एक जानेवारीला आणि एक जुलैला तिथे उभे राहून, केस कोरडे ठेवून, त्याच दिव्याखाली, कपाळाला पट्टी लावून तो समोरून आणि टाळूचा असे दोन फोटो काढणार आहे. भुवयांच्या मध्यापासून केसांपर्यंतचे अंतर तो मिलिमीटरमध्ये लिहून ठेवणार आहे. अशा सहा नोंदी, म्हणजे अडीच वर्षे. तोवर तो पंचविशीच्या आसपास येईल आणि कड थांबली की सरकते आहे, याचा त्याच्यापाशी स्वतःचा पुरावा असेल. मधल्या काळात टाळू विरळ होऊ लागली, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे, हेही ठरले आहे. थांबण्याने त्याचे काही बिघडत नाही, कारण मागचा पट्टा कुठे पळून जात नाही.

शिक्षकांना एक विनंती. नववी ते बारावीच्या मुलांना अशी एखादी जाहिरात वर्गात आणायला सांगा. केसांची, उंचीची, गोरेपणाची, कोणतीही. मग चार प्रश्न विचारा. यातला तक्ता कोणी, कोणत्या कामासाठी केला? 'आधी' आणि 'नंतर'मध्ये उपचाराखेरीज काय काय बदलले? काहीच केले नसते तर काय झाले असते? आणि दहा वर्षांनंतरचे चित्र कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग बराच वेळ अडेल. अडू द्या, नियंत्रित प्रयोगाची गरज त्यातूनच मुलांना कळेल. फक्त उदाहरण म्हणून वर्गातल्या कोणाच्या डोक्याकडे बोट दाखवू नका. लागलेच तर स्वतःचे दाखवा.